पोरीले विचारलं का?

आमच्या पारबताआत्यानं राष्ट्रपतिपदाचे दोन्ही उमेदवार पाहिले आणि दोन्ही नापसंत केले. एकाचे डोळे तिला थंड वाटले. दुसरा जेवताना बोलत असणार, असा तिला वहीम होता.

इथं ‘पाहिले’ हा शब्द मी लग्नासाठी मुलगा पाहतात त्या अर्थानं वापरतो आहे. पवनीला आमच्या घरी पेपर यायचा तो आधी बाबा वाचायचे, मग मी, आणि शेवटी आत्या. ती पेपर मांडीवर पसरायची, उमेदवाराच्या फोटोतलं तोंड अंगठ्यानं झाकायची आणि नुसते डोळे न्याहाळत बसायची. “तोंड कोणाचंबी हासते,” ती म्हणायची, “डोळे हासून राहिले का, ते पाहा लागते.” मग अंगठा वर सरकायचा आणि तोंडाची तपासणी सुरू व्हायची. या उद्योगात पेपरच्या शाईनं अंगठा काळा होई. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तुमच्याआमच्या बोटाला शाई लागत नाही. सगळ्या पवनीत तेवढा एकच अंगठा काळा असायचा.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन तिरोड्याला गेली, नवरा लवकरच वारला आणि ती माहेरी परत आली ती आलीच. आमचं घर कोष्ट्याचं, माग घरातच. एका खोलीत बाबा मागावर बसायचे आणि भिंतीपलीकडच्या खोलीत आत्या राहाटावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायचं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. हात राहाटावर आणि जीव दिल्लीत, अशी तिची बैठक होती.

याला कारण एक शब्द. आत्या चौथी शिकलेली, शब्द फोडून फोडून वाचणारी. “राष्ट्र. पती. म्हंजे राष्ट्राचा नवरा.”

“बाई, तसं नाही वो,” बाबा समजवायचे. “पती म्हंजे मालक.”

“मंग मी काय सांगून राहिली? तुह्या भाऊजीले मी का नावानं हाक मारत होती? मालकच म्हणत होती ना?”

“सेनापती म्हणत नाहीत का? सभापती म्हणत नाहीत का?”

“सभापती पाहिला हाय मी आपला,” आत्या म्हणायची. पंचायत समितीचे एक माजी सभापती आमच्याच गल्लीत राहत होते आणि त्यांच्या कानावर काय जाईल याचा नेम नव्हता, त्यामुळे बाबा तो मुद्दा सोडून द्यायचे. एकदा त्यांनी शेवटचं हत्यार काढलं. म्हणाले, आपण देशाला भारतमाता म्हणतो. मायचं कुठं लग्न करतात का?

“मायचंबी कधी लग्न झालंच होतं ना,” आत्या म्हणाली. “अन् तिलेबी कोणी विचारलं नसन.”

आत्याची खरी तक्रार ही होती. तिच्या हिशेबानं राष्ट्र ही लग्नाची पोर. आमदार-खासदार हे तिचे काका-मामा. ते आपसात बसतात, चहा पितात, नवरा ठरवतात आणि पोरीला दुसऱ्या दिवशी पेपरातून कळतं. “काका-मामा ठरवून राहिले, सगळं खरं. पोरीले विचारलं का?” हे तिचं पालुपद. ते म्हणताना ती राहाट थांबवायची आणि समोरच्याकडे अशी बघायची, की आपणच पोरीला न विचारता उठून आलो आहोत असं वाटायचं.

सरपंचाच्या किंवा आमदाराच्या निवडणुकीत आत्या निवांत असे. “तिथं आपल्याले विचारतेत. चुकलं तं आपण चुकलो. जिथं विचारतच नाही, तिथं मले भेव वाटते.” राष्ट्रपतीची निवडणूक जवळ आली, की तिची भूक उडायची. जेवण अर्ध्यावर यायचं आणि मेडिकलमधून पाचकाची बाटली आणायची पाळी माझ्यावर यायची. भंडारा जिल्हा तोडून गोंदिया वेगळा केला तेव्हाही असंच झालं होतं. तिरोडा पलीकडे गेलं. “माहं सासर दुसऱ्या जिल्ह्याले देऊन टाकलं, अन् मले पेपरात वाचून समजलं!” ज्या सासरी तिनं वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नव्हतं, त्याच्यासाठी ती आठवडाभर पाचक पीत होती.

मी सांगतो ती निवडणूक त्यानंतरची. एक उमेदवार मिशीवाला, एक चष्मेवाला. आत्यानं त्यांची नावं विचारली नाहीत, आपल्याकडून दिली. आणि काका-मामा विचारत नाहीत तर आपण विचारू, म्हणून तिनं दारात येईल त्याचं मत घ्यायला सुरुवात केली. “मले काय करायचं हाय? मी आपली विचारून राहिली,” अशी प्रस्तावना करून ती प्रश्न टाकायची, “तुले कोण पायजे? मिशीवाला का चष्मेवाला?”

बाबांची दाढी करायला येणारा न्हावी चष्मेवाल्याच्या बाजूनं होता. “त्याच्या मानेवरची लाइन पाहा, आत्याबाई. सरळ. त्याचा न्हावी रोजचा हाय. रोज एकाच न्हाव्याजवळ बसणारा माणूस दगा देत नाही.” यात त्याचा स्वतःचा काही स्वार्थ होता असं बाबांना वाटलं, कारण मधल्या आठवड्यात ते दुसरीकडे जाऊन आले होते.

गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेला मारोती पुनर्वसनाच्या वस्तीतून मासे विकायला यायचा. तो टोपली उतरवून बराच वेळ फोटो बघत राहिला. “मले दोघंबी सारखेच,” तो म्हणाला. “पण कोणी येऊन म्हटलं असतं, का मारोती, तुले नवं गाव कुठं पायजे, तं मी सांगतलं असतं. नदी दिसते अशा जागी पायजे म्हटलं असतं. आमाले तं नकाशाच दाखवला.” आत्यानं भाव न करता मासे घेतले. त्या दिवशी सोमवार होता आणि आमच्या घरी सोमवारी मासे चालत नव्हते. ते शेजारी द्यावे लागले.

आसगावचा एक तरुण शेतकरी तांदूळ घेऊन यायचा. आमच्या घरात भात आसगावच्याच धानाचा शिजला पाहिजे, हा आत्याचा जुना हट्ट. दुसरा कितीही सुवासिक आणा, “याच्यात गोडी नाही” म्हणून ती ताट सरकवायची. आसगावचं माणूस आलं, की आधी पाट, मग पाणी, मग चहा, आणि मग “तिकडं सारं बरं हाय ना?” एवढं झाल्यावर राष्ट्रपती. तो बिचारा वैतागलेला होता. “बाई, रोवणीले बाया भेटून नाही राहिल्या, अन् तुले राष्ट्रपती पायजे!”

एवढ्यावर थांबली असती तर ठीक. पण गल्लीत एका घरी आमदार सांत्वनाला आले होते, तिथं आत्या पोचली. म्हणाली, भाऊ, तुम्ही कोणाले देऊन राहिले? आमदार हसून म्हणाले, “पक्ष सांगन तसं, आत्याबाई.”

“म्हंजे तुम्हालेबी नाही विचारत?”

आमदार चपला शोधू लागले. आत्याला त्यांची इतकी दया आली, की पिशवीतलं एक केळं काढून तिनं त्यांच्या हातावर ठेवलं. गाडीत बसेपर्यंत ते केळं त्यांच्या हातात होतं, हे सगळ्या गल्लीनं पाहिलं. बाबा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

बाबांना लाज वाटायला आणखी एक कारण होतं. त्याच महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, संगीचं, तुमसरला जमत आलं होतं. मुलाच्या बापाचं कापडाचं दुकान, मुलगा शिकलेला, माणसं सरळ. एकदा येऊन पाहून गेले होते. आता सुपारी फोडायची आणि लग्न दिवाळीनंतर काढायचं, असं बाबांनी आणि मुलाच्या मामानं ठरवलं होतं. घरात एक पोर, तिच्यासाठी इतकं चांगलं घर, आणि ते आपल्या बहिणीच्या तोंडामुळे हातचं जाईल या धास्तीनं बाबा वाळायला लागले होते.

“बाई, हात जोडतो,” ते म्हणाले. “पाव्हण्यांसमोर राष्ट्रपती काढजो नको.”

“नाही काढत.”

“शपथ?”

“तुही शपथ, मी होऊन नाही काढणार.”

बाबांचा जीव खाली पडला. माझा पडला नाही. कारण मी एक गोष्ट पाहिली होती. तुमसरला दाखवायला संगीचा स्टुडिओत काढलेला फोटो होता, त्याची एक प्रत घरी होती. ती आत्यानं मांडीवर घेतली होती. अंगठा संगीच्या तोंडावर होता.

“राजू, इकडं ये,” तिनं मला बोलावलं. “डोळे पाह्य.”

“फोटोत सगळ्यांचेच असे येतात, आत्या. तो फोटोग्राफर घाबरवून सोडतो.”

“नाही हासून राहिले,” ती म्हणाली. “पोरगी जेवत नाही. सकाळपासून एकच लुगडं तिसऱ्यांदा घडी करून राहिली. तुह्या बापानं तिले विचारलं का?”

मी म्हटलं, विचारलंच असेल. आणि मग माझ्याच लक्षात आलं, की विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मुलगा आला, संगीनं चहा नेला, ते गेले, बाबा म्हणाले “चांगले आहेत”, आई म्हणाली “चांगले आहेत”, मीही म्हणालो. संगी भांडी घासत होती. त्या दिवसापासून मीही पाचक घेऊ लागलो आणि बाटली लवकर संपू लागली. विचारावं, तर ती नाही म्हणाली तर काय? न विचारावं, तर ते डोळे. मी रोज ठरवायचो आणि रोज तिला दुसरंच काहीतरी विचारून परत यायचो.

नेमके मतमोजणीच्याच दिवशी पाव्हणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. बैठकीत सतरंजी टाकली होती. टीव्ही बंद करायला मी उठलो, तर मामा म्हणाले, “राहू द्या, मोजणी सुरू हाय.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघरात आईनं आत्याला भज्यांच्या कढईसमोर बसवलं होतं, तिथून तिला उठता येऊ नये म्हणून.

बोलणी छान चालली होती. देण्याघेण्याचा विषय मुलाच्या वडिलांनी स्वतःच मोडीत काढला. बाबांचा चेहरा महिन्यात पहिल्यांदा सैल झाला. सुपारी ताटात होती. तेवढ्यात मामांनी टीव्हीकडे बघत, सहज, वेळ घालवायला म्हणून विचारलं, “काय वाटते मंग तुम्हाले? कोण पायजे राष्ट्रपती?”

कढईतला झारा वाजला. बाबांनी डोळे मिटले.

आत्या भज्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. तिनं शपथ मोडली नव्हती. ती होऊन काढणार नव्हती, आणि तिनं काढलंही नव्हतं. आजवर सगळ्या पवनीला तिनं हा प्रश्न विचारला होता. तिला तो पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं.

“आमाले कायले विचारता, भाऊ?” ती ताट खाली ठेवत म्हणाली. “पोरीले विचारलं का?”

मामा हसले. “कोणत्या पोरीले?”

“ज्या पोरीसाठी नवरा ठरवून राहिले, तिले.”

मामा अजून टीव्हीकडेच बघत होते. मुलाचे वडील मात्र बघेनासे झाले. ताटातल्या सुपारीकडे त्यांची नजर गेली. मी उभाच होतो. आता गेलं, सगळं गेलं, असं मला वाटत होतं आणि तरी आत्याला थांबवावंसं वाटत नव्हतं.

“संगे,” आत्यानं हाक मारली. “इकडं ये, माय. तुले हा पोरगा पायजे का?”

इतकं उघडं कुणी कुणाला विचारत नाही. संगी दाराशी येऊन उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती इतका वेळ गप्प राहिली, की टीव्हीवरचा माणूस एका राज्याची मतं संपवून दुसऱ्या राज्यावर आला. मग ती मुलाकडे नाही, बाबांकडे बघून म्हणाली, “मले पसंत हायेत. पहिल्या दिवशीच होते. पण कोणी विचारल्याबगर मी सांगणार नव्हती.”

बाबा काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, “मलेबी कोणी विचारलं नाही.”

त्याचे वडील त्याच्याकडे गर्रकन वळले. “मंग तुह्यं काय म्हणणं हाय?”

“पसंत हाय,” तो म्हणाला. आणि इतका लाजला, की मामांना हसू आवरेना. ते हसले, मग सगळे हसले, आणि बाबा हसता हसता रडायला लागले. सुपारी फुटली. दिल्लीत कोण निवडून आलं, हे त्या गडबडीत आमच्या घरी कोणी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. मी आत्याला फोटो दाखवला. तिनं अंगठा ठेवला नाही. “येऊ दे, कोणी का येईना,” म्हणाली आणि राहाट फिरवू लागली. संगी तिच्याजवळ येऊन बसली. भिंतीपलीकडे बाबांचा माग चालू होता.

“आत्या,” संगीनं विचारलं, “तुले कधी कोणी विचारलं होतं?”

“तिरोड्याचं सोड. तेव्हा मी लहानच होती.” आत्यानं नवी कांडी चढवली. “परत आल्यावर आसगावचा एक माणूस आला होता. बायको वारलेली. पाटाचं बोलायले आला होता.” विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणतात, आणि तो आमच्यात पूर्वीपासून चालत आलेला होता. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. “तुमचे आबाजी वसरीत बसून होते. त्यांनी सांगतलं, का आमची पोर तयार नाही. मी इथंच होती, याच जागी, कांड्याच भरून राहिली होती. मी तयार नाही, हे मले भिंतीपलीकडून समजलं.”

“तू तयार होतीस?” मी विचारलं.

“विचारलं असतं तं सांगतलं असतं,” आत्या म्हणाली. मग राहाट जरा हळू झाला. “हो म्हटलं असतं. दुपारी एकदा बाजारात पाहिलं होतं मी त्याले. त्याचे डोळे हासत होते.”

“मग त्यांचं पुढं काय झालं?”

“असन तिकडंच. धान करते म्हणतेत.”

संगीनं माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं आम्ही त्या भाताची चेष्टा केली होती. मला फार वाईट वाटलं. भिंतीपलीकडे माग थांबला होता. तो केव्हा थांबला, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. भिंत तीच होती आणि तिच्यातून सगळं ऐकू येत होतं.

थोड्या वेळानं माग पुन्हा सुरू झाला. दिवस गेले, दिवाळी झाली, लग्नाची बोलावणी सुरू झाली. रोज जेवायला बसलं, की कोणाला बोलवायचं, कोण रुसेल, याची चर्चा व्हायची. ती नेहमी बाबा आणि आई करायचे आणि आत्या वाढायची. एका सकाळी बाबा मागावर न बसता आत्याच्या खोलीत आले. राहाटासमोर खाली बसले. आत्या घाबरली. तिला वाटलं तुमसरहून काही वाईट निरोप आला.

“बाई,” बाबा म्हणाले, “आसगावले बोलावणं द्यायचं का?”

राहाट फिरत होता. आत्यानं सुताचं टोक तसंच धरून ठेवलं होतं. सगळ्या गावाला प्रश्न विचारत फिरणारी ती बाई त्या एका प्रश्नानं अशी गांगरली, की तिनं पदर डोक्यावर घेतला.

“मले विचारून राहिला का?”

“तुलेच.”

आत्यानं हातातलं सूत कांडीवर नीट बसवलं. तिचे डोळे भरले होते. माझ्याशेजारी उभी असलेली संगी नंतर म्हणायची, की तेव्हा ते हसतही होते. मी नीट बघू शकलो नाही.

“मंग दे,” ती म्हणाली. बाबा उठून दारापर्यंत गेले, तेव्हा तिनं मागून हाक मारली. “कोणाच्या हातानं नको धाडजो. तू स्वतः जाजो. अन् येतेत का, ते त्यांनाच विचारजो.”